पटावरचे नाव
दिवाळी सरली की कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो येऊ लागतो, आणि उचल घेतलेले कुटुंब भांडीकुंडी, कोंबड्या व पोरे यांसह एकदा त्यात चढले म्हणजे पावसाळा तोंडावर येईपर्यंत वाडीकडे परतत नाही. कशेळ्याच्या बाजूच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी गेलो तो नेमका हाच मोसम होता.

तेथील गुरुजी रात्री कायद्याचा अभ्यास करीत. अशा मुलांच्या नावांवर हजेरीपटात लाल रेघ ओढण्याचा जुना रिवाज मोडून त्यांनी 'कुटुंबासह स्थलांतर' एवढाच शेरा लिहिला व मुलांनी नव्या शाळेत दाखवावयाची शिक्षण हमी कार्डे भरावयास घेतली. कारण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 16 व्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि 5 व्या कलमान्वये दाखल्यास विलंब झाला या सबबीवर भट्टीजवळच्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही.

मग त्यांनी जनरल रजिस्टराची जीर्ण पाने उलगडली. पानभर मुलांचा जन्म 1 जूनचा, म्हणजे कोण्या पूर्वसुरीने अंदाजाने बहाल केलेला! ते हसण्यावारी नेता येईल. परंतु जातीच्या रकान्यात जेथे नुसते 'हिंदू' लिहिले गेले, तेथे त्या मुलाच्या नातवास आज जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागतात. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी ही नावे स्पष्ट आहेत. तथापि पुरावा मागतात तो 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा. भूमिहीनाजवळ सातबारा कोठून असणार? आणि ज्या घरातील शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला तरी कोठून यावा?

वकिली आणि शाळा यांची सांगड या मुलखाला नवी नव्हे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढीत हिंडले व 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीस बळी पडले. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण होते. शाळांचे, माझ्या मते, व्हावे तितके होत नाही.

"गुरजी, कारड हरवला तं?" एका आईने विचारले. गुरुजींनी प्रत्येक कार्डाची नक्कल आपल्या वहीत उतरविली होतीच. भट्टी कोणत्या गावची, असे मुकादमास विचारले, तर तो "पनवेलच्या अंगाला" यापलीकडे बोलेना. तेव्हा नव्या शाळेचा रकाना कोरा ठेवून त्यांनी त्याच्या टेम्पोचा नंबर तेवढा टिपून घेतला.