तापलं की रोध वाढतोच?

तापमान वाढलं की रोध वाढतो, हे शाळेतलं वाक्य अनेकांच्या डोक्यात सरसकट नियम म्हणून बसलेलं असतं. धातूंपुरतं ते बरोबर आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे बराच वेळ चाललेल्या मोटरचं वाइंडिंग लगेच मोजलं, तर थंड असतानापेक्षा जास्त ओहम दाखवतं. ते बिघडलं असं समजू नये.

हा फरक किरकोळच असतो, हाही गैरसमज. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरला लावून बघा. जेमतेम 40 ओहमच्या आसपास आकडा येतो. 230 व्होल्ट धरून गणित केलं तर उत्तर येतं 529! मीटरही बरोबर आणि सूत्रही. पेटलेल्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढलेला असतो. बटण दाबताना मात्र तार थंड असते, म्हणून त्या क्षणी प्रवाह एकदम उसळतो. जुने बल्ब बरेचदा लावतानाच का उडायचे, ते यावरून कळतं.

एसीच्या सेन्सरमधला थर्मिस्टर याच्या बरोबर उलट वागतो. 25 अंशांना 10 हजार ओहम असलेला नेहमीचा सेन्सर मुठीत धरला की आकडा भराभर उतरतो. 35 अंशांना तो साडेसहा हजारांच्या आसपास येतो. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच भरपूर असतात, उष्णतेने अणू जास्त थरथरतात आणि त्यांची वाट अडवतात. थर्मिस्टर मँगनीज, निकेल यांच्या ऑक्साइडचा. तिथे विद्युतभार जागच्या जागी अडकलेले असतात, उष्णता मिळाली की ते एका अणूवरून दुसऱ्यावर जाऊ लागतात. ही घट सरळ रेषेत होत नाही, म्हणून दोन आकड्यांवरून त्रैराशिक मांडून तापमान काढायला जाऊ नये.

आणि सगळेच थर्मिस्टर असे नसतात. अनेक फ्रिजच्या कॉम्प्रेसरला बेरियम टायटनेटची पीटीसी, म्हणजे तापल्यावर रोध वाढणारी, टिकली असते. ती थंड असताना स्टार्टिंग वाइंडिंगला प्रवाह देते आणि क्षणात तापून तिचा रोध इतका चढतो की ते वाइंडिंग जवळपास बंदच पडतं. फ्रिज बंद करून लगेच चालू केला, तर टिकली गरमच असते आणि कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी पाचेक मिनिटं थांबून पुन्हा चालू करून बघावं.