गंमत कशाला म्हणावे?

गंमत हा शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सुट्टी लागली की गंमत, पाहुणे आले की गंमत, तलावात डुंबलो की गंमत. परंतु ‘गंमत म्हणजे काय?’ असे कोणी सरळ विचारले, तर भल्याभल्यांची वाचा बसते. चौकोन म्हणजे काय हे सांगता येते, बेट म्हणजे काय हेही सांगता येते. गंमत मात्र सांगू लागले की ओंजळीतील पाण्याप्रमाणे गळून जाते. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली मानवाच्या खेळकर वृत्तीवर एक विख्यात ग्रंथ लिहिला. खेळातील गमतीवर त्याचा सारा भर. तरीही या गमतीचे पृथक्करण करता येत नाही, असे त्यानेच ग्रंथाच्या आरंभी सांगून टाकले आहे.

तेव्हा व्याख्येच्या मागे न लागता दुसऱ्या वाटेने जावे, हे बरे. चौघापाचांनी एकत्र बसावे, एकातून दुसरा निघेल असे प्रश्न क्रमाने विचारावे, आणि गंमत कशासारखी असते ते उपमा-रूपकांनी सांगून पाहावे. या विचारासाठी भंडारा जिल्हा फार सोयीचा आहे. येथील लोकांनी आपल्या एका लोकनाट्यालाच ‘खडी गंमत’ असे नाव दिले आहे. भंडारा, गोंदिया आणि आसपासच्या या धानाच्या व तलावांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली की येथे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकाने, पाळणे, लेकीसुनांच्या भेटीगाठी. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. नाटक तर रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालावयाचे, आणि पाहणाऱ्यांनीही घरून चादरी-घोंगड्या घेऊन जय्यत तयारीने यावयाचे! खडी गमतीत शाहीर, स्त्रीवेष घेतलेला नाच्या, ढोलकी व तुणतुणे वाजविणारे साथीदार हे सर्व उभे राहूनच आपली कला सादर करतात. ‘खडी’ या शब्दात तोच अर्थ आहे.

समजा, मंडईच्या दुसऱ्या दिवशी साकोली किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या शाळेत पाच मुलांचा असा गट बसला आहे. गुरुजी पहिला प्रश्न विचारतात, ‘काल गंमत कशात आली?’ उत्तरे धडाधड येतात. कोणी म्हणतो जिलेबीत, कोणी पाळण्यात, कोणी नाच्याच्या बोलण्यात. ही यादी फळाभर होईल; पण ती वस्तूंची यादी झाली. जिलेबी म्हणजे गंमत नव्हे आणि पाळणा म्हणजेही नव्हे.

येथे गुरुजींनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्राचीन ग्रीस देशातील सॉक्रेटिस हा तत्त्वज्ञ प्रश्न विचारून विचारूनच तरुणांना विचार करावयास लावी, आणि आपल्या या उद्योगाला तो सुइणीच्या कामाची उपमा देई. त्याची आई सुईण होती. मूल सुइणीचे नसते. ती केवळ त्याला जगात येण्यास साहाय्य करते.

म्हणून दुसरा प्रश्न थोडा वाकड्या वाटेने विचारावा. ‘जिलेबी होती, पाळणा होता, नाच्याही होता, तरी गंमत आली नसती, असे केव्हा घडले असते?’ आता मुले लगेच बोलत नाहीत. मग एक म्हणतो, ‘मला बळेच नेऊन बसविले असते तर.’ दुसरी म्हणते, ‘माझी मैत्रीण आली नसती तर.’ तिसऱ्याला आट्यापाट्या आठवतात. पाटी अडवणारा गडी मुद्दाम बाजूला झाला आणि ‘जा बाबा पलीकडे’ म्हणाला, तर धावणाऱ्याला त्यात कसली गंमत! नियम हवेत, अडवणूक हवी, आणि आपण पकडले जाऊ ही धाकधूकही हवी. अवघड गोष्ट नकोशी वाटते अशी आपली समजूत. आणि इथे तर अडथळा काढून घेतल्याबरोबर गंमतच निघून जाते. माझ्या मते पहिल्या प्रश्नाच्या दहा उत्तरांपेक्षा दुसऱ्याच्या या एका उत्तराची किंमत अधिक आहे.

तिसरा प्रश्न रूपकाचा. ‘गंमत कशासारखी असते?’ हे काम आपल्या भाषेने काही अंशी आधीच करून ठेविले आहे. ‘मौज’ हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ लाट. ‘मजा’ हा शब्द फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ चव. म्हणजे ‘मौजमजा’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा नकळत दोन रूपके उच्चारीत असतो. लाट उसळते आणि विरते. ती घागरीत भरून घरी नेता येत नाही. चव ज्याच्या जिभेवर असते त्यालाच कळते, आणि तोच पदार्थ रोज वाढला की ती बोथट होते. दोन्ही रूपके सुंदर आहेत. परंतु गटाचे काम रूपकाला टाळ्या देण्याचे नव्हे, ते कोठवर पोचते व कोठे लंगडते हे पाहण्याचे आहे. लाट वाऱ्याने आपोआप उठते; आट्यापाट्यांची गंमत घाम गाळल्यावाचून येत नाही. चव एकट्याच्या जिभेची. पण खडी गमतीत शेकडो माणसे एकदम खळखळून हसतात, तेव्हा ते हसणे कोणा एकाचे म्हणावे?

मग मुले स्वतःची रूपके शोधू लागतात. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. तेथील एखादी मुलगी म्हणेल, ‘गंमत म्हणजे पितळी भांड्याचा नाद. टिचकी मारली की घुमतो. पण भांडे मुठीत आवळून धरले तर घुमत नाही.’ दुसरा म्हणेल, ‘गंमत म्हणजे शेकोटी. चौघे जमले की ऊब वाढते.’ त्यावर कोणी हळूच पुस्ती जोडतो, ‘आणि एखाद्याचा हात भाजतोही.’

या पुस्तीपाशी गटाने थांबले पाहिजे, कारण चौथा प्रश्न तिच्यातूनच निघतो. ‘गंमत कोणाची?’ वर्गात एकाचा जेवणाचा डबा लपवून ठेवतात. तो बाकांखाली शोधतो, मधली सुट्टी संपत येते, सर्व हसत असतात. तो रडकुंडीला आला म्हणजे ठरलेले वाक्य येते, ‘अरे, आम्ही गंमत केली!’ ते हसणे खोटे नव्हते, हे मान्य करावयास हवे. गंमत आली खरी. पण ती चौघांना आली आणि तिचा खर्च पाचव्याने सोसला. आता खडी गमतीतील नाच्याकडे पाहा. लोक त्याच्यावरही हसतात. परंतु तो आपल्या पायांनी त्या जागी येऊन उभा राहिला आहे. टोला बसला तर तो दुप्पट जोराने परतवतो, आणि हसणे केव्हा पिकवायचे हे त्याच्याच हाती असते. डबा शोधणाऱ्या मुलाच्या हाती काय होते?

जो बोलू शकतो त्याला निदान विचारता तरी येते. जो बोलू शकत नाही त्याचे काय? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले आपले लाकडी नंदी सजवून दारोदार मिरवतात. त्या खेळात नंदीला कितीही ओढा, गंमत निर्वेध असते. परंतु याच भागात थंडीच्या दिवसांत शंकरपट भरतात, आणि तेथे हाडामांसाची बैलजोडी शर्यतीत पळते. पट म्हणजे गावाचा मोठा उत्सव. दिवसा पट आणि रात्री नाटक, ही झाडीपट्टीची जुनी जोडी. शर्यतींत बैलांना वेदना होतात या कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. बैलांना इजा करणारी साधने वापरण्यास मात्र मनाई आहे. नऊ वर्षे देशातील मोठमोठे विधिज्ञ ज्या प्रश्नाचा कीस काढीत होते, तो आपल्या पाच मुलांच्या चौथ्या प्रश्नाहून फार वेगळा नव्हता.

गटात एखादा मुलगा पटाच्या बैलांच्या घरचा असतोच. तो सांगतो, ‘आमचा बैल पळायला आसुसलेला असतो. गर्दी दिसली की कान टवकारतो.’ त्याचे म्हणणे उडवून लावू नये. त्या बैलाला त्याने वासरू असल्यापासून पाहिले आहे. समोरची मुलगी विचारते, ‘मग पराणी कशाला लागत होती?’ दोघेही गुरुजींकडे पाहतात. गुरुजी उत्तर देत नाहीत. ते फळ्यावर पाचवा प्रश्न लिहितात, ‘बोलू न शकणाऱ्याला गंमत वाटते आहे, हे कशावरून ओळखावे?’ आणि सायंकाळी गुरे घरी येण्याच्या वेळी प्रत्येकाने गोठ्यापाशी पाव तास उभे राहावे, दावे सोडलेला बैल आपण होऊन धावतो काय, केव्हा धावतो आणि केव्हा थांबतो, एवढे टिपून आणावे, असे सांगतात.