परदेशाची वाट (भाग ६) : जोडीदाराकडे जाताना

मागच्या भागात विद्यार्थी व्हिसा पाहिला. या आठवड्यात जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्यांविषयी.

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या, चोरखमारा-मंगेझरीकडच्या गावांतली एखादी मुलगी लग्न होऊन म्युनिकला किंवा टोरांटोला निघाली, की घरचे विचारतात, “व्हिसा कधी येणार?” त्याआधी विचारायला हवं ते हे : जावई तिथे कोणत्या हक्काने राहतात? नागरिक, कायम रहिवासी, नोकरदार की विद्यार्थी? तिला कोणता व्हिसा मिळेल, तिथे नोकरी करता येईल का आणि उद्या संसारात बिनसलं तर तिला राहता येईल का, हे बहुतांशी या उत्तरावर ठरतं. परदेशातल्या बायकोकडे जाणाऱ्या नवऱ्यालाही हेच लागू.

अमेरिकेत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. जोडीदार नागरिक असेल, तर स्थलांतर व्हिसावर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारक असेल, तर ‘एफ-२ए’ या वर्गाच्या रांगेत थांबावं लागतं. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर जोडीदाराला एच-४ मिळतो. पण नोकरीसाठी परवानगी मागायची, तर साधारणपणे त्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज आधी मंजूर झालेला हवा. ही सोयही २०१५ पासूनची. कंपनीने बदली करून एल-१वर पाठवलेल्याच्या जोडीदाराला मात्र एल-२वर नोकरीसाठी २०२१ पासून वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. लग्न ठरलंय पण व्हायचंय, अशांसाठी के-१ आहे. तो फक्त अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराला मिळतो आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावंच लागतं.

ब्रिटनमध्ये नागरिकाच्या किंवा तिथे कायम स्थायिक झालेल्याच्या जोडीदाराने अर्ज केला, तर एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. जोडीला इंग्रजीची ए-१ (प्राथमिक) पातळीची परीक्षा आणि भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी. वृद्धांची, रुग्णांची देखभाल करणारे कर्मचारी म्हणून मार्च २०२४ नंतर नव्याने गेलेल्यांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही. एजंट काहीही सांगो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळणारा खुला कामाचा परवाना आखडता घेतला आहे. तो आता पीएचडी, किमान १६ महिन्यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि काही निवडक व्यावसायिक पदव्या एवढ्यांपुरताच मिळतो. जर्मनीला जाण्याआधी ए-१ इतकी जर्मन भाषा यावी लागते. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असेल, तर त्यातून सूट आहे. तिथे जोडीदार म्हणून राहण्याचा परवाना मिळाला की नोकरीचीही मुभा असते.

आता गावातलं काम. लग्नाचे फोटो आणि पत्रिका पुरावा म्हणून जोडता येतात, पण विवाह नोंदणीच्या दाखल्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याने ग्रामीण भागात ही नोंदणी ग्रामसेवकाकडे होते. ती लग्नापासून ९० दिवसांत करायची असते आणि त्यासाठी तीन साक्षीदार लागतात. दाखला मराठीत असेल, तर त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. काही देश त्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्रही मागतात. ते परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतं.

आपल्याकडे खरी अडचण होते ती नावांची. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. मग दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला यांवर एकाच मुलीची वेगवेगळी नावं दिसतात. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. माझं सांगणं असं, की ते बदलू नका; बदलायचंच असेल, तर अर्ज भरण्याआधी सगळीकडे एकसारखं करा.

गोंदियाकरांसाठी आणखी एक. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा भंडारा असू शकतो. अर्जात एकदा भंडारा, एकदा गोंदिया असं लिहू नका. पासपोर्टवर जे आहे तेच लिहा आणि विचारलं, तर जिल्हा विभाजनाचं कारण सांगा.

शेवटची गोष्ट मुलींच्या आईवडिलांनी नीट वाचावी. जावयाच्या व्हिसाची प्रत, नोकरीचं पत्र आणि तिथला पत्ता लग्नाआधी मागण्यात काहीही गैर नाही. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी अमेरिकेत स्थलांतर केलं, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं, सशर्त मिळतं. ती अट काढण्याचा अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो. पण छळ झाला असेल, तर तिला एकटीलाही तो करता येतो. परदेशस्थ भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. तिचा पासपोर्ट, मूळ प्रमाणपत्रं आणि विवाहाचा दाखला तिच्याच ताब्यात राहावा. सगळ्याच्या प्रती माहेरी ठेवा आणि एक संच तिच्या ईमेलवरही असू द्या. ती जोडीदाराच्या आधाराने जाते म्हणून तिचे हक्क त्याच्या मर्जीवर राहता कामा नयेत. ही तयारी लग्नाच्या खरेदीइतक्याच निगुतीने करा.

पुढच्या आठवड्यात : मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा व्हिसा.