मिठाचं कुंपण, गवताची काडी

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातलं, नागपूर-रायपूर रस्त्यावरचं गाव. मुंबईचा समुद्र इथून नऊशे-हजार किलोमीटर. धान बांधीत पिकतं, मासोळी बोडीत मिळते, मोहफूल जंगलात. बाहेरून आणल्याशिवाय भागतच नाही ते मीठ. रेल्वे नव्हती तेव्हा छत्तीसगडचं धान्य पश्चिमेला नेणारे बंजारे परतताना बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या आणत. सरकारची नजर त्या गोण्यांवर होती. ज्याच्यावाचून कुणाचंच चालत नाही, त्यावरचा कर चुकवणार कोण?

पुढचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. मिठावरचा कर मुंबई-मद्रास इलाख्यांत कमी, उत्तरेत आणि बंगालकडे बराच जास्त. मग स्वस्त मीठ चोरून पलीकडे जाणारच. ते अडवायला इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेघ ओढली. ती बुऱ्हाणपूरकडून वळून आपल्या मध्य प्रांतातूनच पूर्वेला जाई. 1869च्या सुमारास तिची लांबी होती 2,300 मैल, म्हणजे सुमारे 3,700 किलोमीटर, आणि पहाऱ्यावर जवळजवळ 12,000 माणसं. त्यातल्या शेकडो मैलांवर चक्क जिवंत कुंपण वाढवलं होतं: बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग. झाडं जगेनात तिथे दगडी गडगा किंवा खंदक. एका चिमटीभर चवीसाठी एवढी बागायत! 1 एप्रिल 1879ला ती रेघ पुसली गेली. तोवर मिठाची मोठी उगमस्थानंच सरकारच्या ताब्यात आली होती आणि दरही बरेचसे सारखे झाले होते. कुंपण गेलं, कर राहिला.

या कुंपणाला हिरवंगार करण्यात ज्याचा मोठा हात होता, तो 1867 ते 1870 या काळातला जकात आयुक्त म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच. 1885ला काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला. ज्याने मीठ अडवलं, त्याच्याच हाताने लागलेल्या रोपाने 45 वर्षांनी मिठाचा कायदा मोडला.

1930मध्ये मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. मण म्हणजे साधारण 37 किलो. रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नाही. पण तो मजुराच्या ताटातून आणि मालगुजाराच्या ताटातून सारखाच जाई, आणि मजुराला तो जाणवे. गांधीजी दांडीला गेले तेव्हा विदर्भाची मात्र पंचाईत झाली. समुद्र आणायचा कुठून? अकोल्याकडे दहीहांड्याला पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी खारट. तिथे ते पाणी आटवून मीठ झालं. पण ज्या मुलखात विहिरीही गोड, तिथे काय?

तिथे होतं जंगल. आणि माझ्या मते आपल्या भागाची खरी गोष्ट इथे सुरू होते. सरपण, कुंपणाच्या काट्या, गुरांची चराई, छपराचं गवत हा सगळा गावाचा ‘निस्तार’. 1878च्या वन कायद्याने राखीव जंगल ठरवलं, 1927च्या कायद्याने पकड घट्ट केली. कालपर्यंत आजोबांनी कापलेलं गवत आज पास काढल्याशिवाय कापलं तर चोरी. गुरं आत शिरली की नाकेदार ती कांजीहाऊसात नेणार, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही. मीठ निदान कुणीतरी आणून विकत होतं. गवत तर कुणी पेरलेलंही नव्हतं.

म्हणून 10 जुलै 1930ला पुसदजवळ बापूजी अणे विळा घेऊन राखीव जंगलात गेले आणि त्यांनी गवत कापलं. एवढंच. दांडीच्या मुठीतल्या मिठाची जागा पेंढीने घेतली. पाहता पाहता वऱ्हाड आणि मध्य प्रांतात गावोगाव विळे निघाले. तिकडे कोकणात चिरनेरला आक्कादेवीच्या डोंगरात 25 सप्टेंबरला गोळ्या चालल्या. आपल्याच मध्य प्रांतात, शिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावी, 9 ऑक्टोबरला गोळीबारात चौघं गेली: मुड्डोबाई, रेनोबाई, देभोबाई आणि बिरजू भोई. चारांतल्या तिघी बायका. गवताचा भारा डोक्यावर बहुधा त्याच वाहत असत, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं आश्चर्य वाटेनासं होतं.

5 मार्च 1931च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या लोकांना घरच्या वापरापुरतं मीठ गोळा करायची मुभा मिळाली. मिठाचा कर 1947मध्ये गेला. गवताचं भांडण लांबलं. 2006च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. सरकारी कागदांत ‘निस्तार’ हा शब्द आजही आहे.