घरच्या संगणकातील एसएसडी बिघडू लागल्यास

शाळेचे बरेचसे लेखनकाम सांप्रत शिक्षकाच्या घरच्या संगणकावर होते. देवरूखात अथवा भोवतालच्या वाड्यांवर राहणारा शिक्षक सायंकाळी घरी परतल्यावर गुणतक्ते, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आणि यू-डायससाठी जमविलेली माहिती याच यंत्रावर तयार करतो. कागदी नोंदवही वाळवीपासून व ओलीपासून कशी जपावी, हे कोकणातील शाळांना शिकवावे लागत नाही. संगणकातील नोंदी कशाने नष्ट होतात, याची कल्पना मात्र पुष्कळांस नसते.

जुन्या संगणकात माहिती साठविण्यासाठी हार्ड डिस्क असे. तिच्यात तबकड्या फिरत. बिघाड जवळ आला की बहुधा टकटक आवाज येई व माणूस सावध होई. एसएसडीत फिरणारा एकही भाग नाही. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर तो चालतो. त्यामुळे तो शीघ्र आहे, धक्का सहन करतो, परंतु मरतानाही मुका असतो.

त्याची रचना पाटीच्या उदाहरणाने समजेल. पाटीवरील एक अक्षर बोटाने पुसून तेथे दुसरे लिहिता येते. फ्लॅश स्मृतीत तसे होत नाही. लिहिणे पानापानाने होते, पण पुसणे अनेक पानांच्या गठ्ठ्यानेच होते. प्रत्येक पुसण्यासरशी विद्युत्कण अडवून धरणारा सूक्ष्म थर किंचित झिजतो. हल्लीच्या घरगुती ड्राइव्हमधील पुष्कळशा स्मृती साधारण १००० ते ३००० वेळा पुसणे सोसतात. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून आतील नियंत्रक माहितीची जागा सतत बदलतो आणि कोणती माहिती कोठे आहे, याची सारणी ठेवतो.

तथापि शिक्षकाच्या संगणकात झीज हे बिघाडाचे मुख्य कारण क्वचितच असते. समजा, २५० जीबीच्या ड्राइव्हवर १५० टीबी लेखनाची हमी आहे आणि दररोज २० जीबी लिहिले जाते. तर ती मर्यादा गाठण्यास सुमारे ७५०० दिवस, म्हणजे वीस वर्षे लागतील. खरा घात होतो तो नियंत्रक बिघडल्याने किंवा लिहिणे चालू असताना वीज गेल्याने. सारणी अर्धवट राहिली तर माहिती जागेवर असूनही सापडत नाही. आषाढातील वादळी रात्री वीज किती वेळा जाते, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस सांगावयास नको.

बिघाडाची चिन्हे ओळखावीत. संगणक मधूनच मिनिटभर स्तब्ध होतो. निळा पडदा येतो. एखादी फाइल उघडत नाही. काही वेळा ड्राइव्ह केवळ वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. हे शेवटचे लक्षण वाईट असले तरी उपकारक समजावे, कारण माहिती बाहेर काढण्यास अवधी मिळतो.

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नक्कल करण्याचे. ज्यांची दुसरी प्रत कोठेही नाही त्या फाइली प्रथम पेनड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर घ्याव्यात, चित्रफिती मागाहून. 'चेकडिस्क' चालविणे, विंडोज पुन्हा बसविणे, डिफ्रॅगमेंट करणे हे उपाय उत्साही शेजारी सुचवितात. दुबळ्या ड्राइव्हवर हा भार टाकू नये. विंडोज सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइली काढता येतात. मात्र ड्राइव्ह 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

त्यानंतर कारण शोधावे. संगणक सुरू होताच एफ२ किंवा डिलीट कळ दाबल्यास बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा उघडतो. तेथे ड्राइव्हचे नाव नसेल, तर वीज पूर्ण बंद करून जोडणीची तार अथवा खाच तपासावी. दमट हवेत संपर्क गंजतात. वीज अकस्मात गेल्यानंतर दिसेनासा झालेला ड्राइव्ह बायोसच्या पडद्यावर सुमारे अर्धा तास नुसता चालू ठेवल्यास कधी कधी पुन्हा प्रकटतो. नाव दिसत असेल, तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या विनामूल्य साधनाने ड्राइव्हची स्वतःची नोंद पाहावी. नव्या एनव्हीएमई प्रकारात 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' हा आकडा शून्याहून अधिक असून वाढत असेल, तर ड्राइव्ह बदलावा. 'पर्सेंटेज यूज्ड' १०० झाले म्हणजे ड्राइव्ह मेला असे नाही. हमीचे आयुष्य सरले, एवढाच त्याचा अर्थ. साटा प्रकारात 'सीआरसी एरर' वाढत असल्यास दोष बहुधा तारेचा असतो, आणि तार ड्राइव्हपेक्षा फार स्वस्त पडते. उलटपक्षी, 'गुड' हा शेरा पाहून निश्चिंत होऊ नये. नियंत्रक पूर्वसूचना न देताही बंद पडतो. ड्राइव्ह निर्दोष वाटत असूनही निळा पडदा येतच राहिला, तर विंडोजमधील मेमरी तपासणीने रॅम पाहावी.

एक भेद शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळे. एसएसडीत 'ट्रिम' नावाची आज्ञा रिकामी झालेली जागा नियंत्रकास कळविते व तो ती यथावकाश खरोखरच पुसतो. मग पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत ड्राइव्ह पाठवूनही सहसा काही हाती लागत नाही. म्हणून गुणतक्त्याची एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, शाळेत किंवा ऑनलाइन साठ्यात असावी. प्रत घेऊन कपाटात ठेवलेला एसएसडी वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिल्यास त्यातील माहितीही क्षीण होऊ शकते. दीर्घकाळच्या प्रतीस साधी हार्ड डिस्क बरी. टेबलावरील संगणकास यूपीएस जोडावा. लॅपटॉपची बॅटरी निकामी झाली असेल, तर पावसाळ्यापूर्वी बदलावी.

नवा ड्राइव्ह बसविल्यावर जुना दुकानदाराकडे तसाच सोडू नये. त्यात मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा व पालकांचे दूरध्वनी असतात. ड्राइव्ह चालत असल्यास उत्पादकाच्या साधनातील 'सिक्युअर इरेज'ने तो पुसावा. चालत नसल्यास वीजजोडणी काढून आतील काळ्या स्मृती-चकत्या फोडाव्यात. हमीच्या मुदतीत तो परत करावयाचा असेल आणि पुसता येत नसेल, तर नव्या ड्राइव्हच्या किमतीकडे पाहावे की मुलांच्या माहितीकडे, हे शिक्षकाने मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे.