तिकिटाआधीचा हिशेब

निवडणूक जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या चहाटपऱ्यांवर पहिला प्रश्न असतो : तिकीट कोणाला? पाच वर्षांत काय केलं, हा प्रश्न नंतरचा. तोवर तिकीट मुंबई-दिल्लीत ठरून गेलेले असते. ज्याला पक्ष हवा आहे पण विद्यमान आमदार नको आहे, त्या मतदाराने काय करायचे? पक्ष सोडायचा, की माणूस सोसायचा?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी यावर प्राथमिक निवडणुकीचा तोडगा काढला. पक्षाचा उमेदवारच मतदारांनी निवडायचा. स्पर्धक एकाच पक्षाचे असल्याने चिन्हाचा आडोसा जातो. उरतो तो माणूस आणि त्याचे मागचे काम. मॉरिस फिओरिना या अभ्यासकाने 1981च्या ग्रंथात मतदार आश्वासनांइतकाच मागच्या अनुभवाकडेही पाहतो, असे मांडले. तरीही तिथे विद्यमान सदस्य पक्षांतर्गत लढतीत क्वचितच हरतो. जून 2014 मध्ये प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात हरले, तेव्हा सारे चकित झाले. ते मतदारसंघापासून तुटले आहेत, ही त्यांच्याविरुद्धची एक मोठी तक्रार होती. टपरीवरच्या भाषेत, ‘साहेब दिसत नाहीत’.

त्याच वर्षी मार्चमध्ये हा प्रयोग आमच्या शेजारीही झाला होता. राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील निवडक लोकसभा मतदारसंघांत अंतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. आमच्या वरोऱ्याहून निघाले की वर्धा मतदारसंघातले हिंगणघाट फार लांब नाही. वर्ध्याचे विद्यमान खासदार दत्ता मेघे स्वतः रिंगणात नव्हते. त्यांचे पुत्र सागर मेघे होते. समोर चारुलता टोकस, माजी खासदार प्रभा राव यांच्या कन्या. म्हणजे हिशेब व्हायचा तो दोन्हीकडच्या आई-वडिलांच्या कामाचा! मतदार सामान्य नागरिक नव्हते. पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी होते. माझ्या मते खरी गोम इथे आहे. पदाधिकाऱ्याच्या लेखी ‘काम’ म्हणजे नेत्याने फोन उचलणे, समितीवर नाव लावणे, मुलीच्या लग्नाला येणे. कापूस उत्पादकाच्या लेखी काम वेगळे. सागर मेघे अंतर्गत मतदानात जिंकले आणि सार्वत्रिक निवडणुकीत भाजपच्या रामदास तडसांकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. मोदी लाट होतीच, लातूरही गेले. काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले.

जंगलपट्ट्यात हा हिशेब आणखी अवघड. तेंदूपत्ता, बांबू, वनहक्काचा दावा, वाघाच्या हल्ल्याची भरपाई यांत वनविभाग आणि जिल्हा प्रशासनाचा हात मोठा, आमदाराचा लहान. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागची चिकाटी ग्रामसभेची. तो कोणत्या आमदाराच्या खात्यावर मांडायचा? म्हणून लोक साधी कसोटी लावतात : वाघाने माणूस मारला त्या दिवशी तो घरी आला होता का?

चंद्रपुरात 2019 साली न ठरवताच एक प्राथमिक निवडणूक झाली, असे मी म्हणेन. काँग्रेसने विनायक बांगडे यांचे नाव जाहीर केले, कार्यकर्ते चिडले, उमेदवार बदलला. नवे उमेदवार बाळू धानोरकर हे वरोऱ्याचे शिवसेनेचे आमदार. काम एका पक्षाच्या आमदारकीतले, तिकीट दुसऱ्या पक्षाचे! त्यांनी केंद्रात राज्यमंत्री असलेल्या हंसराज अहीर यांना सुमारे 45 हजार मतांनी हरवले. त्या वेळी राज्यात काँग्रेसची ती एकमेव जागा.

आणि 2024. गडचिरोली आणि आरमोरी हे लागून असलेले, दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. दोन्हीकडे 2014पासून भाजपचे आमदार. भाजपने गडचिरोलीत देवराव होळींचे तिकीट कापून मिलिंद नरोटेंना दिले, जागा राखली. आरमोरीत कृष्णा गजबेंनाच ठेवले. ते काँग्रेसच्या रामदास मसरामांकडून हरले. जुने बदला म्हणजे जिंकाल, असा नियम यावरून काढायचा मोह होतो. दोन उदाहरणांवर नियम उभा राहत नाही. पण एक फरक दिसतो. आरमोरीच्या मतदाराने गजबेंच्या दहा वर्षांवर स्वतः मत दिले. होळींच्या दहा वर्षांवर मत देण्याची पाळी गडचिरोलीच्या मतदारावर आलीच नाही. ते आधीच, बंद खोलीत देऊन झाले होते.