समुपदेशकाचा पगार कोणाच्या खिशातून?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत धावपळ सुरू होते. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि प्रवेशाचे पैसे. माणगाव तालुक्याला विद्यापीठ परके नाही. १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच तालुक्यात, लोणेरे येथे मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. राज्यभरातली मुले तिथे शिकायला येतात. आपली काही मुले तिथे जातात, काही मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या जवळच्या कॉलेजांत, तर काही पनवेल, मुंबई, पुण्याला.

प्रवेश कुठेही घ्या, हातात एक पावती पडते. वर शिक्षण शुल्क असते आणि त्याखाली लहान लहान रकमांची रांग: जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, समूह विमा, ओळखपत्र, विकास निधी, कुठे आरोग्य तपासणी. आरोग्याच्या पानावर फीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण आपल्या मुलाला कॉलेजात डॉक्टर, समुपदेशक किंवा अडचणीत मदत मिळणार की नाही, याचा हिशेब त्या रांगेत असतो. अशा सोयी वाढवायच्या तर विद्यार्थ्यांची फी वाढवा, असा विचार आता सगळीकडे मांडला जातो. त्यावर आपण बोलले पाहिजे.

सोय लागतेच

घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाते तेव्हा त्याच्या डोक्यावर किती ओझे असते ते आई-वडिलांना दिसत नाही. वर्गात इंग्रजी, वसतिगृहात परकी माणसे, खानावळीचे जेवण, एटीकेटीची भीती. त्यात कोणी आडनाव विचारते, कोणी आरक्षणावरून टोमणा मारते. झोप उडते, भूक मंदावते, डोके दुखते. मुले घरी सांगत नाहीत, कारण वडिलांनी पैसे कसे उभे केले ते त्यांना ठाऊक असते.

पैसा आणि मन ही दोन वेगळी दुखणी नाहीत. हैदराबाद विद्यापीठाचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. आपली सात महिन्यांची फेलोशिप मिळायची बाकी आहे, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते. कोणीही माणूस एकाच कारणाने असे पाऊल उचलत नाही. पण थकलेला पैसा, अपमान आणि एकटेपणा एकत्र आले की मजबूत मनसुद्धा खचते. अशा वेळी बाजूला बसून ऐकणारा प्रशिक्षित माणूस हवा. तो चैनीचा खर्च नाही.

हे आता सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर २५ जुलै २०२५ च्या निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. मदतीचे फोन नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे आहेत.

पैसा कुठून येणार?

नेमणूक म्हटली की पगार आला. हिशेबासाठी धरू की एका कॉलेजात २,००० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाकडून वर्षाला २०० रुपये घेतले तर ४ लाख रुपये जमतात. म्हणजे महिना साधारण ३३ हजारांत एक समुपदेशक बसवता येतो. सरकारी अनुदानाची वाट बघत पाच वर्षे घालवण्यापेक्षा हे बरे, असे काही प्राध्यापक मंडळी म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसतो आणि २०० रुपये ही रक्कम ऐकायला मोठी वाटत नाही.

पण २०० रुपये कधी एकटे येत नाहीत. अशा दहा नोंदी झाल्या की दोन हजार होतात. शिवाय ही रक्कम सर्वांना सारखीच असते. ठेकेदाराचा मुलगाही तेवढीच भरणार आणि नाक्यावर उभे राहून काम शोधणाऱ्याची मुलगीही तेवढीच.

सेवेच्या नावाने फी कुठवर जाते ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ च्या अखेरीस दिसले. वसतिगृहातल्या एकट्याच्या खोलीचे भाडे महिना २० रुपयांवरून ६०० करायचे आणि शिवाय महिना १,७०० रुपये सेवाशुल्क लावायचे ठरले. आतापर्यंत विद्यापीठ सोसत असलेला देखभालीचा आणि कामगारांचा खर्च विद्यार्थ्यांवर आला. मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यातला काही भाग मागे घेण्यात आला.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी सेवा शुल्क नावाची वेगळी रक्कम घेतात आणि समुपदेशनाच्या खर्चाला ती वापरतात. पण तिथे या पैशावर सल्ला देणाऱ्या समित्यांत विद्यार्थी स्वतः बसतात. आपल्याकडे फी घेण्याचा भाग लवकर उचलला जातो आणि हिशेबात विद्यार्थ्यांना बसवण्याचा मागे राहतो.

वाढीव फी कोणाच्या अंगावर पडते?

आपल्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, मग फी वाढली तर बिघडले काय, असा प्रश्न येतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. बारा महिन्यांनी भागले तर महिना २०,८३३ रुपये होतात. विळे-भागाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या बापाला २१ हजार मिळाले की घर मर्यादेबाहेर गेले. मग उरते फ्रीशिप. तिच्या नावातच शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क या दोनच रकमा आहेत आणि तिच्यात निर्वाह भत्ता नाही.

मर्यादेच्या आत असलेल्यांची अडचण वेगळी. शिष्यवृत्तीचा पैसा केंद्राकडून ६० टक्के आणि राज्याकडून ४० टक्के येतो. सक्तीचे आणि परत न मिळणारे शुल्क त्यात धरतात. पण फी मागितली जाते प्रवेशाच्या वेळी आणि शिष्यवृत्ती जमा होते नंतर. मधले महिने घर उसनवारीवर काढते. म्हणजे ज्या काळजीवर उपाय म्हणून समुपदेशक आणला, तीच काळजी त्याच्या फीने वाढते.

हा प्रश्न नवा नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे मांडले होते. कला महाविद्यालयांच्या खर्चातले ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चातले ३१ टक्के विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होतात, हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. दिले तेवढे वसूल करायचे हा हिशेब शिक्षण खात्याला लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर आठवड्याभरात ते महाडला होते. चवदार तळ्याचे पाणी आणि कॉलेजची फी या त्यांच्यासाठी दूरच्या गोष्टी नव्हत्या. सार्वजनिक सोय सर्वांना मिळाली पाहिजे, हाच मुद्दा दोन्हीकडे होता.

आमचे म्हणणे

समुपदेशक, दवाखाना आणि आपत्कालीन मदत प्रत्येक कॉलेजात हवी. तिचा खर्च सरकारने आणि विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकातून करावा. तोपर्यंत कुठे शुल्क घेणारच असतील तर तीन अटी असाव्यात. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या मुलांकडून ते प्रवेशाच्या वेळी घेऊ नये. जमा रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिचा खर्च दरवर्षी सूचना फलकावर लावावा. आणि खर्च ठरवणाऱ्या समितीत आपल्या मुलामुलींसह विद्यार्थी असावेत.

आपण घरी काय करावे?

१. पावती वाचा. प्रत्येक रकमेसमोर काय मिळते ते कॉलेजात विचारा. समूह विम्याचे पैसे भरले असतील तर अपघातात दावा कोणाकडे करायचा, तेही विचारून ठेवा.

२. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरा. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, ते बँकेत जाऊन बघा. खात्यात आलेल्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते, ती घरखर्चात जाऊ देऊ नका.

३. कॉलेजात समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसतात हे मुलाला पहिल्याच महिन्यात विचारायला सांगा. समान संधी कक्ष कुठे आहे तेही विचारावे.

४. उत्तर मिळाले नाही तर सरकारी विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात १० रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

५. मूल फोन उचलत नाही, रात्रभर जागते, जेवण टाळते, "माझा तुम्हाला भारच आहे" असे बोलते, तर ते नाटक समजू नका. "एवढे पैसे भरलेत, आता पास हो" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका. "फीचे आम्ही बघू बाळा, तू आधी बोल" एवढे म्हणा आणि ऐका. जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका.

६. टेलिमानसचा नंबर १४४१६ घरातल्या प्रत्येक फोनमध्ये साठवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

७. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात ते आधी विचारून जा, गरज पडली तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी मागा.

विहार समित्यांना आणि महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. प्रवेशाच्या महिन्यांत रविवारच्या वंदनेनंतर एक तास मुलांसाठी ठेवा. वस्तीतली पुढे शिकलेली मुले नव्या मुलांचे अर्ज भरून देतील आणि पावत्या एकत्र ठेवून वाचतील. दहा घरांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणत्या कॉलेजात कशाचे पैसे घेतले आणि काय दिले, ते आपोआप दिसते. मग प्राचार्यांकडे एकट्या आईला जावे लागत नाही, दहा पालक मिळून जातात. त्या तासात मुले एकमेकांशी बोलतील, हाही मोठा आधार आहे आणि त्याला फी लागत नाही.

जयभीम.